‘नुसते एम.डी.’ म्हणण्यापूर्वी

वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींच्या घरी एक प्रश्न काही वर्षांच्या अंतराने वेष बदलून येत असतो. बारावीनंतर तो ‘प्रवेश मिळाला का?’ असा असतो, एम.बी.बी.एस. झाल्यावर ‘पी.जी. कशात?’ असा होतो, आणि एम.डी. मेडिसिन होऊन मुलगी घरी आली की पहिल्याच आठवड्यात पाहुणे विचारतात, ‘आता पुढे काय? हृदय की मेंदू?’ तिने ‘आता रुग्ण तपासणार’ असे उत्तर दिले, तर विचारणारा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘म्हणजे नुसते एम.डी.?’ हा ‘नुसते’ शब्द सहज उच्चारला जातो. परंतु साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस. आणि इंटर्नशिप, त्यानंतर तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून अहोरात्र केलेली सेवा, एवढे सारे त्याने एका क्षणात अपुरे ठरते. हा शब्द केवळ त्या डॉक्टरचा उत्साह कमी करीत नाही. आपल्या घरातील वृद्धांना उद्या कोण तपासणार, हेही त्याच्याशी बांधलेले आहे. म्हणून या वेळी त्याविषयी लिहीत आहे.

हा विचार मिरजेच्या संदर्भात करणे सयुक्तिक ठरेल. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये या भागात आले, आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. तेव्हापासून ‘मिरजेला नेऊ या’ हे वाक्य दक्षिण महाराष्ट्रातील आणि उत्तर कर्नाटकातील खेड्यांत आजारपणाच्या प्रसंगी उच्चारले जात आहे. सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडी हे नावही त्याच काळाची खूण होय. १९६२ मध्ये येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी मिरजेचे रुग्णालय आणि सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय अशा दोन ठिकाणी शिकतात. पुणे, कोल्हापूर, पंढरपूर आणि बेळगाव या चारही बाजूंच्या गाड्या मिरज जंक्शनवर थांबतात, त्यामुळे जत, अथणी, चिकोडी, शिरोळ, तासगाव, सांगोला असा मोठा टापू उपचारांसाठी या गावाकडे पाहतो. कन्नड बोलणारी आजी आणि मराठी बोलणारा डॉक्टर यांचा संवाद येथे रोजचाच आहे. एवढ्या विविध रुग्णांमध्ये जो निवासी डॉक्टर तीन वर्षे घालवितो, त्याची घडण कशी व्हावी, हा केवळ विद्यापीठाचा प्रश्न राहत नाही.

प्रथम एम.डी. मेडिसिन म्हणजे काय, हे नीट समजून घेऊ. शस्त्रक्रिया न करता, औषधे, तपासण्या आणि तर्कशुद्ध निदान यांच्या आधारे प्रौढ माणसाच्या सर्व आंतरिक व्याधींवर उपचार करणारी ही शाखा आहे. ताप, मधुमेह, रक्तदाब, दमा, कावीळ, पक्षाघात, विषबाधा, सर्पदंश, रक्तक्षय, हे सारे तिच्या कक्षेत येते. तीन वर्षांच्या या अभ्यासक्रमात निवासी डॉक्टर वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग, अपघात विभाग आणि अतिदक्षता विभाग यांत पाळीपाळीने काम करतो, एक प्रबंध लिहितो आणि शेवटी परीक्षा देतो. त्यानंतर ज्याला हवे त्याला डी.एम. ही अतिविशेष पदवी घेता येते. हृदयरोग, मेंदू व मज्जासंस्था, मूत्रपिंड, पचनसंस्था, अंतःस्रावी ग्रंथी, कर्करोग अशा शाखांपैकी एकीत आणखी तीन वर्षे. या प्रवेशासाठी २०१७ पासून देशपातळीवर ‘नीट-एस.एस.’ ही परीक्षा घेतली जाते. परीक्षेच्या तयारीचा काळ आणि शासकीय बंधपत्राची सेवा यांत मिळविली, तर अठराव्या वर्षी घरातून निघालेली मुलगी स्वतःच्या पायांवर उभी राहीपर्यंत बत्तीस-तेहेतीस वर्षांची होते.

अतिविशेष तज्ज्ञांची आवश्यकता नाही, असे म्हणण्याचा हेतू मुळीच नाही. मध्यरात्री हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडणारा हात कुशलच हवा, आणि तो पुण्यामुंबईत नव्हे तर मिरज-सांगलीतच उपलब्ध असावा. प्रश्न वेगळा आहे. सर्वच हुशार मुले एकेका अवयवाकडे वळली, तर संपूर्ण माणसाकडे कोण पाहणार?

हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. उदाहरण कल्पित आहे. परंतु अनेक वाचकांना त्यात आपल्या घरची आजी दिसेल. शिरोळ तालुक्यातील बहात्तर वर्षांच्या एक आजी. पंधरा वर्षांचा मधुमेह, दहा वर्षांचा रक्तदाब, आणि गुडघे दुखतात. गुडघ्यांसाठी त्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेल्या. वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी शरीरात पाणी साठू लागले, पाय सुजले, रक्तदाब वाढला. रक्तदाबासाठी हृदयरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर औषध वाढविले गेले, आणि सूज उतरावी म्हणून लघवी वाढविणारी गोळी मिळाली. आता वेदनाशामक, रक्तदाबाची गोळी आणि लघवीची गोळी या तिन्हींचा भार मधुमेहाने आधीच दुबळ्या झालेल्या मूत्रपिंडावर पडला. रक्तातील क्रिएटिनिन वाढले, तेव्हा तिसऱ्या तज्ज्ञांकडे पाठविणे झाले. रात्री लघवीसाठी उठताना त्या घसरून पडल्या, ती चौथी फाईल. यांतील एकाही डॉक्टरचे चुकलेले नाही. प्रत्येकाने आपल्यासमोर असलेल्या व्याधीचा योग्य उपचार केला. परंतु चारही फायली एका टेबलावर मांडून, ‘सुरुवात वेदनाशामक गोळीपासून झाली आहे; ती थांबवू, शेक आणि व्यायाम देऊ, आणि मग उरलेल्या तीन गोळ्यांपैकी किती लागतात ते पाहू’ असे म्हणणारा माणूस या साखळीत कोठेच नव्हता. तो माणूस म्हणजे उत्तम फिजिशियन. त्याचे काम यंत्राने होत नाही. त्यासाठी वेळ, वाचन, आणि औषधे बंद करण्याचे धैर्य लागते.

असा फिजिशियन आपोआप तयार होतो, ही आपली समजूत आहे. तीन वर्षे वॉर्डात राबला की तो सर्व काही शिकतो, असे आपण धरून चालतो. वस्तुतः वॉर्डात येणारा रुग्ण हा आजाराच्या टोकाला पोहोचलेला असतो. घरी राहणारी, चार औषधे घेणारी, हळूहळू विसरभोळी होत चाललेली आजी वॉर्डात दिसत नाही. निवासी डॉक्टरला ती जेव्हा प्रथम भेटते, तेव्हा तो परीक्षा उत्तीर्ण होऊन स्वतःचा दवाखाना थाटून बसलेला असतो. म्हणूनच तीन वर्षांच्या शिक्षणातच काही महिने ठरावीक दिशेने द्यावेत, ही कल्पना जगात अनेक ठिकाणी रुजली आहे. तिला इंग्रजीत ‘ट्रॅक’ म्हणतात. आपण ‘विशेष प्रशिक्षणमार्ग’ म्हणू.

अमेरिकेत अंतर्गत वैद्यकशास्त्राचे निवासी प्रशिक्षण तीनच वर्षांचे आहे. मात्र अनेक रुग्णालयांत त्या तीन वर्षांच्या आत वाटा पाडलेल्या असतात. एक वाट प्राथमिक आरोग्यसेवेची. त्या वाटेवरील डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात अधिक काळ घालवितो, आणि तेच रुग्ण वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पाहतो. दुसरी वाट केवळ रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांची जबाबदारी घेणाऱ्या फिजिशियनची. अशा डॉक्टरसाठी ‘हॉस्पिटलिस्ट’ हा शब्द १९९६ मध्ये रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन या दोघांनी प्रचारात आणला. तिसरी वाट संशोधनाची. तिच्यात रुग्णसेवेचे प्रशिक्षण दोन वर्षांचे ठेवून पुढची तीन वर्षे संशोधनाला देता येतात. १९६७ पासून तेथे प्रौढ आणि बालके या दोहोंचे वैद्यकशास्त्र चार वर्षांत एकत्र शिकविणारी वाटही आहे. यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, वाट कोणतीही असो, अंतर्गत वैद्यकशास्त्राची परीक्षा सर्वांना एकच द्यावी लागते. वाटेमुळे पाया अरुंद होत नाही.

ब्रिटनमधील घडामोड तर अधिक बोधप्रद आहे. तेथे तज्ज्ञ वाढले. पण रात्री अपघात विभागात येणाऱ्या, चार-पाच व्याधी एकत्र असलेल्या वृद्धाला सांभाळणारे हात कमी पडू लागले. डेव्हिड ग्रीनअवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये आपल्या अहवालात व्यापक वैद्यकीय पाया असलेल्या डॉक्टरांची गरज मांडली. पुढे ऑगस्ट २०१९ पासून तेथे अंतर्गत वैद्यकशास्त्राचा नवा तीन वर्षांचा प्रशिक्षणक्रम सुरू झाला. त्यानंतर हृदयरोग किंवा वृद्धरोग यांसारख्या शाखा घेणाऱ्या डॉक्टरलाही सामान्य अंतर्गत वैद्यकशास्त्राचे प्रशिक्षण सोबत चालू ठेवावे लागते. म्हणजे जो देश विशेषज्ञतेच्या वाटेने आपल्या कितीतरी आधी निघाला, तो आता आपल्या विशेषज्ञांना पुन्हा संपूर्ण माणूस पाहावयास शिकवीत आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? काही वाटा स्वतंत्र पदव्यांच्या रूपाने निघाल्या आहेत. चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात वृद्धरोगशास्त्रातील एम.डी. १९९६ मध्ये सुरू झाली. आकस्मिक वैद्यकसेवेला २००९ मध्ये स्वतंत्र शाखेची मान्यता मिळाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ मध्ये परिहारसेवेची, म्हणजे असाध्य आजारात वेदना आणि त्रास कमी करण्याच्या शास्त्राची, एम.डी. सुरू झाली. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ एम.डी.नंतरच्या फेलोशिपही चालविते. हे सारे स्वागतार्ह आहे. तथापि प्रत्येक गरजेसाठी नवी पदवी काढावयाची म्हटले, तर त्या पदव्या मोठ्या शहरांतील मोजक्या संस्थांतच राहतात, आणि मिरजेच्या वॉर्डात राबणाऱ्या मेडिसिनच्या निवासी डॉक्टरला त्यांचा लाभ होत नाही.

मात्र एक नियम असा आहे की, ज्याने ही वाट आपल्या दारापर्यंत आली आहे. जिल्हा निवासी कार्यक्रम असे त्याचे नाव. २०२० मध्ये तो पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत आला, आणि २०२३ च्या नव्या नियमावलीतही कायम राहिला. त्यानुसार एम.डी. आणि एम.एस.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करावयाचे असते. या तीन महिन्यांकडे दोन दृष्टींनी पाहता येते. ‘परीक्षेच्या अभ्यासातून वाया गेलेले तीन महिने’ ही एक दृष्टी. दुसरी अशी की, वैद्यकीय महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर, कमी साधनांत, रुग्ण प्रत्यक्ष कोठून आणि किती उशिरा येतो हे पाहण्याची ही एकमेव नियमबद्ध संधी आहे. कोणती दृष्टी विद्यार्थ्याच्या मनात बसेल, हे त्याला तेथे कोणते उद्दिष्ट देऊन पाठविले यावर अवलंबून आहे.

कमी साधनांच्या ठिकाणी फिजिशियन काय करू शकतो, याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. मिरजेहून सह्याद्री ओलांडला की कोकण लागते, आणि कोकणात लाल विंचू. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. विंचूदंशानंतर धडधाकट माणसे आणि लहान मुले काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून दगावताना त्यांनी पाहिली. पुस्तकांत या प्रकाराला फारसे स्थान नव्हते. त्यांनी एकेका रुग्णाजवळ रात्रभर बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा थंडपणा यांची नोंद केली, आणि ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्यावर ते पुन्हा महाड परिसरातच परतले. रक्तदाबाच्या ‘प्राझोसिन’ या साध्या गोळीचा विंचूदंशावर उपयोग होतो, हे त्यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकातून मांडले. गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांपैकी पूर्वी तीस-चाळीस दगावत. हे प्रमाण पुढे एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावापुढे डी.एम. नाही. ज्याला आपण ‘नुसते एम.डी.’ म्हणतो, त्या पदवीवर हे काम उभे आहे. फरक इतकाच की, त्यांची दिशा त्यांनी स्वतः शोधली. प्रत्येकाकडे ती जिद्द असेलच असे नाही. म्हणून संस्थेने दिशा आखून दिली पाहिजे.

मिरजेसारख्या ठिकाणी अशा कोणत्या दिशा शोभतील? माझ्या मते तीन.

पहिली दिशा वृद्धांची आणि दीर्घकालीन आजारांची. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील भारतीयांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. मधुमेहींची संख्याही दहा कोटींच्या पुढे असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. ही दिशा घेणाऱ्या निवासी डॉक्टरने आठवड्यातील एक दिवस तेच पन्नास-साठ रुग्ण सलग दीड वर्ष पाहावेत. त्यांच्या औषधांची यादी दर वेळी तपासावी, तोल आणि स्मरणशक्ती तपासण्यास शिकावे, रुग्णाच्या सुनेशी आणि मुलाशी बोलण्यास शिकावे.

या दिशेचा आपल्या घरांशी निकटचा संबंध आहे. दशलक्षण पर्वात उपवास करणारे, एरवीही सूर्यास्तानंतर अन्न न घेणारे कितीतरी मधुमेही आपल्या परिचयाचे आहेत. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांनी उपवासात साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. अलीकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या ‘ग्लिफ्लोझिन’ वर्गातील गोळ्यांनी दीर्घ उपवासात रक्तातील आम्लता वाढण्याचा धोका असतो. निर्जळी उपवासात लघवीच्या गोळ्यांनी शरीर शुष्क होते. रमजानच्या उपवासासाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०१६ मध्ये सविस्तर मार्गदर्शिका काढली, २०२१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. उपवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाची तपासणी करावी, असे तिच्यात सांगितले आहे. तोच विचार आपल्या पर्वांनाही लागू पडतो. ‘उपवास करू नका’ एवढे सांगून डॉक्टर मोकळा होतो, आणि आजी न सांगता उपवास करते. ‘कोणत्या दिवशी, किती वेळ, पाणी घेणार का?’ असे विचारून त्याप्रमाणे औषध बदलणारा, आणि जेथे धोका खरोखर आहे तेथे ते समजावून सांगणारा डॉक्टर घडवावा लागतो.

दुसरी दिशा शेतशिवारातील आकस्मिक आजारांची. सांगली जिल्हा द्राक्षांचा, उसाचा आणि हळदीचा. फवारणीच्या औषधांची विषबाधा येथील अपघात विभागाला अपरिचित नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, तोंडाला फेस, अतोनात घाम, ही तिची चिन्हे. अ‍ॅट्रोपीन कितीदा आणि किती द्यावयाचे हे पुस्तकापेक्षा रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठरते. सर्पदंशाचेही तसेच. २००० ते २०१९ या काळात देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. नाग, घोणस आणि फुरसे यांचा दंश बहुधा दिसतो, सुजतो. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला डसते, खूण जवळजवळ उमटत नाही. सकाळी पोटात दुखते म्हणून रुग्ण येतो, आणि काही वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागतात. पोटदुखीच्या मागे मण्यार ओळखणारा डॉक्टर जत किंवा कवठेमहांकाळच्या रुग्णालयात असेल, तर मिरजेपर्यंतचा रस्ता संपण्यापूर्वीच उपचार सुरू होतात. ही दिशा घेणाऱ्याचे जिल्हा निवासी कार्यक्रमाचे तीन महिने अशाच कामासाठी ठेवता येतील.

तिसरी दिशा नोंदी आणि संशोधनाची. प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. बहुतेक प्रबंध परीक्षेनंतर कपाटात जातात, कारण विषय एकेकट्याने आणि घाईत निवडलेले असतात. पाच वर्षांच्या पाच प्रबंधांनी एकच प्रश्न पुढे नेला, म्हणजे आपल्या भागातील विषबाधेच्या रुग्णांना रुग्णालयात पोहोचण्यास किती वेळ लागतो, वेळ कोठे वाया जातो, कोणत्या रुग्णवाहिकेने आल्यावर काय घडते, असे पाहिले, तर तो प्रबंध जिल्ह्याच्या आरोग्य नियोजनाचा आधार होईल.

या तिन्हींसाठी नवी पदवी नको, नवी इमारत नको. पहिले दीड वर्ष सर्वांचे शिक्षण समान असावे. पुढील दीड वर्षात वॉर्डाचे काम सांभाळून आठवड्याचा एक दिवस, तीन महिन्यांचा जिल्हा कार्यक्रम आणि प्रबंध या तीन गोष्टी एका सूत्रात गुंफाव्यात. परीक्षा आणि पदवी सर्वांची एकच राहावी.

यावर आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला आक्षेप असा की, शासकीय रुग्णालयाचा भार निवासी डॉक्टरांच्याच खांद्यांवर असतो. आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक काम त्यांच्याकडून घेऊ नये, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाला २०२४ मध्ये करावी लागली, यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी. अशा स्थितीत ‘विशेष मार्ग’ हे केवळ कागदावरील नाव होईल, आणि मुलगी पूर्वीप्रमाणेच रक्ताचे नमुने घेऊन प्रयोगशाळेकडे धावत राहील. हे टाळावयाचे, तर तो एक दिवस वेळापत्रकात लिहिलेला हवा, आणि त्या दिशेची जबाबदारी एका ठरावीक अध्यापकावर हवी. हे दोन नसतील तर मार्ग काढूच नये.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो अधिक कठीण आहे. आपल्या व्यवस्थेत तपासणीला, नळी घालण्याला, यंत्राला मोबदला मिळतो. अर्धा तास बसून फायली वाचण्याला आणि दोन गोळ्या बंद करण्याला तो मिळत नाही. ज्या घराने शिक्षणासाठी कर्ज काढले आहे, त्या घरातील मुलाने कोणता मार्ग निवडावा, हे बाहेरच्याने उपदेशून सांगणे योग्य नाही. ज्याचा कल हृदयाकडे किंवा मेंदूकडे आहे, त्याने अवश्य डी.एम. करावे. ज्याचा कल नाही, तो केवळ ‘नुसते’ या शब्दाच्या भीतीने परीक्षेच्या रांगेत दोन-तीन वर्षे घालवीत असेल, तर मात्र ते दुःखद आहे. त्या वर्षांत त्याची उमेद जाते आणि तालुक्याचा एक फिजिशियनही जातो.

येथे कुटुंबाचे आणि समाजाचे काम सुरू होते. घरातील निवासी डॉक्टर सुट्टीवर येईल, तेव्हा त्याला पदवीपेक्षा कामाबद्दल विचारावे. कोणते रुग्ण पाहताना मन रमते? कोणता अध्यापक जवळचा वाटतो? प्रबंध कशावर आहे? या उत्तरांतून त्याची दिशा त्याला स्वतःलाही दिसू लागते. स्थळे पाहताना ‘डी.एम. आहे का?’ हा प्रश्न पहिला नसावा. आणि स्वतः आजारी पडल्यावर आधी एका फिजिशियनकडे जावे. सर्व औषधांची एकच यादी करून ती जवळ ठेवावी, कोणत्याही तज्ज्ञाकडे गेल्यावर परतताना त्या एका डॉक्टरला ती दाखवावी, आणि त्याने अर्धा तास दिला तर त्याची फी कुरकुर न करता द्यावी. फिजिशियनच्या विचाराला आपणच किंमत दिली नाही, तर पुढची पिढी त्या वाटेने का जाईल?

समाजातील शिक्षणनिधी आणि विश्वस्त संस्था यांच्याकडेही एक मागणे आहे. आपल्याकडील शिष्यवृत्त्या बहुधा पदवीच्या प्रवेशाला आणि गुणांना जोडलेल्या असतात. त्यांतील एखादी, एम.डी. मेडिसिन झाल्यावर सहा महिने किंवा एक वर्ष वृद्धरोग, परिहारसेवा किंवा विषबाधा यांचे जादा शिक्षण घेऊन आपल्या तालुक्यात परतणाऱ्या डॉक्टरसाठी राखून ठेवावी. रक्कम फार मोठी लागणार नाही. मिरजेच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर पहाटेपासून रांगेत बसलेल्या, पिशवीत चार फायली घेऊन आलेल्या माणसाला तिचा उपयोग सर्वांत आधी होईल.